राजविवाहांच्या वर्धापनदिनांची स्मृतिपदके : प्रेमाची की घराण्याची?

मुद्राविलासी (धागाकर्ता)

राजघराण्यातील विवाहाला पंचवीस, पन्नास किंवा साठ वर्षे पूर्ण झाली की त्या निमित्ताने स्मृतिपदक किंवा स्मृतिनाणे पाडण्याची प्रथा युरोपात एकोणिसाव्या शतकात चांगलीच रुजली. या वस्तूंवर लिहिणारे बहुतेक जण वजन, व्यास, धातूची शुद्धता आणि दुर्मीळता यांची नोंद करून थांबतात. मला या धाग्यात त्यांच्यावरील चिन्हांविषयी बोलायचे आहे. विवाहाचे पदक आणि विवाहाच्या वर्धापनाचे पदक या वरवर सारख्या दिसणाऱ्या वस्तू असल्या तरी त्यांची चिन्हभाषा वेगळी आहे, असे माझे मत झाले आहे, आणि ते मत जाणकारांनी तपासून पाहावे अशी इच्छा आहे.

विवाहप्रसंगीचे पदक पुढे पाहते. हायमेन या विवाहदेवतेच्या हातातील पेटती मशाल, क्युपिड, वेदीवरील ज्योत, एकमेकांत गुंफलेल्या अंगठ्या, हातात दिलेला हात, ही सारी चिन्हे इच्छेची आणि वचनाची आहेत. पंचवीस वर्षांनंतर इच्छा व्यक्त करण्याचे कारणच उरलेले नसते. मुले झालेली असतात, वारस ठरलेला असतो, सोयरिकी जुळलेल्या असतात. वर्धापनाचे पदक मग जमेची बाजू मांडू लागते. त्यावर दोन मुखे, दोन तारखा, राजचिन्हे आणि फार तर एक पर्णमाला एवढेच राहते. प्रेमदेवता हळूच बाहेर पडते आणि तिच्या जागी राज्याचे भले चिंतणारी एखादी गंभीर देवता येऊन बसते.

ऑस्ट्रियाचे १८७९ सालचे दोन गुल्डनचे चांदीचे नाणे पाहा. सम्राट फ्रान्झ जोसेफ आणि सम्राज्ञी एलिझाबेथ यांचा विवाह २४ एप्रिल १८५४ रोजी झाला. १८५३ मध्ये सम्राटावर प्राणघातक हल्ला झाला होता आणि त्यातून तो बचावला म्हणून व्हिएन्नात एक चर्च बांधायला घेतले होते. ते वोटीफ चर्च विवाहाच्या रौप्यमहोत्सवाच्या दिवशी, म्हणजे २४ एप्रिल १८७९ रोजी अर्पण करण्यात आले. तीन दिवसांनी हान्स माकार्ट या चित्रकाराने आखलेली ऐतिहासिक वेशभूषेतील प्रचंड मिरवणूक रिंगश्ट्रास या राजरस्त्यावरून निघाली. थोडक्यात, लग्नाचा वाढदिवस हा राजाच्या जिवाचा, धर्माचा आणि राजधानीचाही उत्सव होता.

नाण्यावर तेच उतरले आहे. दर्शनी बाजूला दोघांची मुखे एकामागे एक, एकाच दिशेला पाहणारी आहेत. सम्राट पुढे, सम्राज्ञी मागे. नाण्याच्या मागच्या बाजूला सुकाणू हाती घेऊन बसलेली भाग्यदेवता आहे. सुकाणू हे राज्यशकट हाकण्याचे जुने रोमन चिन्ह आहे, संसाराचे नव्हे. कडेने फिरणारा लॅटिन लेख त्याहून बोलका आहे. हे दांपत्य विवाहाचे पाचवे लस्ट्रम साजरे करत आहे, असे तो सांगतो. लस्ट्रम म्हणजे रोममध्ये जनगणना पूर्ण झाल्यावर होणारा शुद्धिविधी, आणि त्यावरून पाच वर्षांचा कालखंड. पंचवीस वर्षे असे सरळ न लिहिता ती पाच जनगणनांनी मोजली आहेत. नवरा-बायकोच्या सहवासाला राज्यकारभाराची मोजपट्टी लावलेली इतकी स्पष्टपणे मी दुसऱ्या कुठल्या नाण्यावर पाहिलेली नाही.

एकामागे एक मुखे ठेवण्याच्या या रचनेला मी येथे ‘जोडमुखे’ म्हणतो. तिचा वंशही लक्षात घेण्याजोगा आहे. इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात दुसरा टॉलेमी आणि त्याची बहीण व पत्नी असलेली दुसरी आर्सिनोई यांची जोडमुखे सोन्याच्या नाण्यांवर आली. त्याच नाण्याच्या दुसऱ्या बाजूला त्यांचे आईवडील, म्हणजे पहिला टॉलेमी आणि बेरेनिके, अगदी तशाच मांडणीत आहेत. ‘देव’ आणि ‘भावंडे’ या दोन ग्रीक शब्दांपैकी एक एका बाजूला, तर दुसरा दुसऱ्या बाजूला कोरलेला आहे, त्यामुळे नाणे उलटल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. जोडमुखे जन्माला आली ती अशी, दोन पिढ्यांची सलगता दाखवण्यासाठी.

याच्या उलट मांडणी म्हणजे समोरासमोर पाहणारी मुखे. इंग्लंडची राणी मेरी आणि स्पेनचा फिलिप यांचा विवाह जुलै १५५४ मध्ये झाला. त्यांच्या शिलिंगवर दोघे एकमेकांकडे पाहत आहेत आणि मुकुट दोघांच्या मधोमध, वर तरंगतो आहे. तो नक्की कोणाच्या डोक्यावर आहे याचे उत्तर नाणे देत नाही. वर्धापनाच्या पदकांवर जोडमुखांची मांडणी इतकी का आवडली असावी, ते या तुलनेतून कळते. समोरासमोरच्या मुखांमध्ये दोन व्यक्ती आणि त्यांच्यातील अंतर दिसते. जोडमुखांमध्ये ते अंतर नाहीसे होते आणि एकाच घराण्याची जाड रेषा उरते.


रौप्यरेखा

धागा फार आवडला. एक भेद मात्र सुरुवातीलाच स्पष्ट केला पाहिजे, नाहीतर पुढची चर्चा घसरेल. नाणे आणि पदक यांना एकच न्याय लावता येत नाही. नाण्याला कायद्याने ठरवलेले वजन, मूल्य आणि पुष्कळदा ठरवून दिलेली बाजू असते. पदकाला यातले काहीच बंधन नसते. जर्मन साम्राज्यात १८७१ नंतर दोन, तीन आणि पाच मार्कांच्या चांदीच्या नाण्यांची एक बाजू साम्राज्याच्या गरुडाला दिलेली असे. बाडेनचा ग्रँड ड्यूक फ्रीडरिश पहिला आणि लुईझं यांचा सुवर्णविवाह, म्हणजे विवाहाचा पन्नासावा वर्धापनदिन, १९०६ मध्ये झाला, तेव्हा दोन आणि पाच मार्कांची नाणी निघाली. त्यांच्या कलाकाराला सगळे काही दर्शनी बाजूतच बसवावे लागले. अशा नाण्यावर भाग्यदेवता नाही, क्युपिड नाही, वेदी नाही, याचा अर्थ चिन्हांची निवड बदलली असा घेता येणार नाही. तिथे जागाच नव्हती.

अर्थात त्या सक्तीतूनही एक चिन्ह तयार होते, हे मान्य करते. पुढे दांपत्य आणि मागे साम्राज्याचा गरुड, हे नाते प्रत्येक खर्डेघाशाच्या खिशापर्यंत पोहोचत होते. त्याआधीचे उदाहरण घ्यायचे तर सॅक्सनीचा राजा योहान आणि राणी अमालिया यांच्या १८७२ मधील सुवर्णविवाहाचे दोन थालरचे नाणे आहे. मार्क हे नवे चलन कायद्याने ठरून गेले होते आणि थालरचे दिवस भरले होते. अशा वेळी एका वृद्ध राजदांपत्याची जोडमुखे जुन्या चलनावर आली, तेही जर्मन साम्राज्यात सामील झालेल्या, पण स्वतःचे राजेपण टिकवून असलेल्या राज्यात.

बव्हेरियाचे उदाहरण तर सर्वांना ठाऊक असेल. राजा लुडविग तिसरा आणि मारिया थेरेझा यांच्या विवाहाला २० फेब्रुवारी १९१८ रोजी पन्नास वर्षे झाली. त्या निमित्ताने तीन मार्कांची जी नाणी पाडली, ती सुमारे १३० एवढीच होती. युद्धाचे चौथे वर्ष होते. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या ७ तारखेला म्युनिकमध्ये क्रांती झाली आणि राजाला कुटुंबासह रातोरात शहर सोडावे लागले. तुमच्या भाषेत सांगायचे तर जमेची बाजू मांडून झाली आणि वर्ष संपायच्या आत वहीच बंद झाली.


पानफूल

मुद्राविलासी, पर्णमालेला तुम्ही ‘फार तर एक’ म्हणून बाजूला सारलेत, ते मला पटले नाही. या पदकांवर सर्वांत नेमकी माहिती पुष्कळदा पानेच देतात.

पान कोणते आहे ते आधी ओळखावे. लॉरेलची पाने लांबट, टोकदार आणि थोडी जाड दाखवलेली असतात. त्यांचा अर्थ विजय किंवा कीर्ती. ओकचे पान कडांना लाटांसारखे कापलेले असते आणि शेजारी बहुधा फळ असते. जर्मन प्रदेशांत ते निष्ठेचे आणि टिकाऊपणाचे चिन्ह मानले गेले. मर्टलची पाने लहान, समोरासमोर जोडीने येणारी, टोकाला निमुळती असतात आणि मधूनच बारीक फुले किंवा कळ्या दिसतात. मर्टल ही व्हीनसची वनस्पती. जर्मन नवऱ्या डोक्यावर मर्टलची माळ घालत आणि रौप्यविवाहाला चांदीची, सुवर्णविवाहाला सोन्याची मर्टलमाळ देण्याची रीत सामान्य घरांतही होती. पदकावर मर्टल आला की नवरीच्या डोक्यावरची माळ धातूत परत आली, असे समजावे. तुम्ही म्हणता ती प्रेमदेवता बाहेर गेली असेल, पण तिचे झुडूप आत राहिलेले आहे.

हे झुडूप राजघराण्यांतून प्रवास कसे करते तेही पाहण्यासारखे आहे. प्रिन्स अल्बर्टच्या गोथा येथील आजीकडून व्हिक्टोरिया राणीला मिळालेल्या पुष्पगुच्छात मर्टलची डहाळी होती. त्यापासून ऑस्बोर्न येथील राणीच्या निवासस्थानी झाड वाढवले गेले आणि १८५८ मध्ये थोरली राजकन्या व्हिक्टोरिया प्रशियाच्या युवराजघराण्यात दिली गेली तेव्हा तिच्या गुच्छात मर्टल होता. ब्रिटिश राजघराण्यातील वधूंच्या गुच्छात तो आजही असतो. जर्मनीतून इंग्लंडला, पुन्हा जर्मनीला, असा त्याचा फेरा आहे आणि तो पूर्णपणे विवाहसंबंधांच्या वाटेने झाला आहे.

म्हणून माझी विनंती अशी की पदकाचे वर्णन करताना ‘पर्णमाला’ एवढेच लिहू नये. राजाच्या बाजूला लॉरेल किंवा ओक आणि राणीच्या बाजूला मर्टल असेल, तर ती माळ दोन वेगळी वाक्ये बोलते.


इतिहासवाचक

मला मूळ मांडणीवर दोन आक्षेप घ्यायचे आहेत.

पहिला असा की विवाहाच्या चिन्हांना वचनाची आणि वर्धापनाच्या चिन्हांना राजकारणाची म्हणणे हे रोमन पुराव्याशी जुळत नाही. हातात दिलेला उजवा हात हे रोमन विवाहाचे प्रमुख चिन्ह, पण नाण्यांवर ते सुरुवातीपासून राज्यातील सलोख्याशी जोडलेले आहे. सम्राट अँटोनायनस पायस आणि फॉस्टिना यांच्या एका मोठ्या पितळी नाण्यावर दोघे हातात हात देऊन उभे आहेत आणि त्यांच्या खाली, वेदीपाशी, लहान आकारात वारस मार्कस ऑरेलियस आणि धाकटी फॉस्टिना त्याच मुद्रेत उभे आहेत. लेख आहे तो कॉन्कॉर्डियाचा, म्हणजे ऐक्याच्या देवतेचा. ऑस्टिया येथील शिलालेखावरून कळते की त्या नगरात नवविवाहित जोडप्यांनी या राजदांपत्याच्या पुतळ्यांसमोरील वेदीवर प्रार्थना करावी असा ठराव झाला होता. म्हणजे राजाचा जुना झालेला संसार हा प्रजेच्या नव्या संसाराला नमुना म्हणून दिला गेला. पाचव्या शतकात तर नवऱ्या-नवरीच्या मधल्या जागेवरच राजकारण उभे राहते. ४३७ मध्ये तिसरा व्हॅलेंटिनियन आणि लिसिनिया युडोक्सिया यांच्या विवाहाच्या सोन्याच्या नाण्यावर मध्ये वधूपिता सम्राट दुसरा थिओडोसियस आहे. ४५० मध्ये मार्शियन आणि पुल्केरिया यांच्या नाण्यावर त्याच जागी ख्रिस्त आहे. विवाहाचे चिन्ह राजकारणापासून कधी मोकळे होते, असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सरळ आहे. ब्रिटनचे १९७२ सालचे पंचवीस पेन्सचे क्राउन नाणे. राणी एलिझाबेथ दुसरी आणि प्रिन्स फिलिप यांच्या विवाहाला २० नोव्हेंबर १९७२ रोजी पंचवीस वर्षे झाली, म्हणून आर्नल्ड मेचिन याने ते घडवले. त्याच्या पाठीमागे ‘ई’ आणि ‘पी’ ही आद्याक्षरे, पानाफुलांची वेल, वर मुकुट आणि चक्क विवस्त्र इरॉस आहे. रौप्यविवाहाच्या अधिकृत नाण्यावर प्रेमदेवता अशी उघडपणे आलेली असताना ती बाहेर पडते असे कसे म्हणावे?


भिंगवाला

मेचिनच्या इरॉसबद्दल एवढेच सांगतो की तो चौदाव्या वर्षापासून मिंटनच्या चिनीमातीच्या कारखान्यात उमेदवारी करत वाढलेला कारागीर होता. बारीक देहाकृती, वेलबुट्टी आणि फुले ही त्याच्या हाताची सवय होती. सगळेच चिन्ह राजवाड्यातून ठरून येत नाही. काही घडवणाऱ्याच्या बोटांतून येते.

माझा मुद्दा घडणीचा आहे. जोडमुखे आवडण्यामागे राजकीय कारण असेलही, पण त्यांचे तांत्रिक गणित समजल्याशिवाय चिन्हाचा अर्थ लावणे धोक्याचे आहे. पदक पाडताना दोन ठशांच्या मध्ये धातूची चकती दाबली जाते. एका बाजूला जिथे सर्वांत जास्त उठाव असतो, तिथे धातू त्या पोकळीत वर सरकतो, आणि नेमक्या त्याच्या पाठीमागच्या जागी दुसऱ्या बाजूची नक्षी भरण्यासाठी धातू कमी पडतो. समोरासमोरची दोन पूर्ण मुखे म्हणजे उठावाचे दोन डोंगर. जोडमुखांत डोंगर एकच असतो, पुढच्या चेहऱ्याचा गाल. मागच्या चेहऱ्याचे कपाळ, नाक, ओठ आणि हनुवटी एवढी कडाच पुढे सरकवून दाखवायची असते. पदकाला अनेकदा दाबता येते आणि मधल्या वेळी तापवून मऊ करता येते, म्हणून त्यावर खोल उठाव जमतो. नाणे एका दाबात पडायला हवे. साहजिकच नाण्यांवर उथळ आणि एकवटलेली मांडणी सोयीची ठरते.

याचा परिणाम मात्र चिन्हासारखाच होतो. चांगल्या भिंगातून जोडमुखांचे वापरलेले नाणे पाहिले की राजाचा गाल आणि कानावरचे केस सपाट झालेले असतात, तर राणीच्या नाकाची रेषा अजून धारदार असते, कारण ती खालच्या पातळीवर, पतीच्या चेहऱ्याच्या आडोशाला असते. जे पुढे असते ते आधी झिजते.

आणि रौप्यरेखा, बाडेन व बव्हेरियाबरोबर व्युर्टेंबर्ग राहून गेले. राजा विल्हेल्म दुसरा आणि शार्लोटे यांच्या १९११ मधील रौप्यविवाहाच्या तीन मार्कांच्या नाण्यात राणीच्या नावातील ‘एच’ या अक्षराची आडवी दांडी काही नाण्यांवर नेहमीपेक्षा वर गेलेली आहे. संग्राहक त्या दांडीसाठी वेडे होतात. तिच्यात चिन्ह वगैरे काही नाही, हे नव्याने आलेल्यांनी लक्षात ठेवावे.


सहजवाचक

वाचतो आहे. एक शंका. जोडमुखांत पुढे कोण असावे याचा काही नियम आहे का? नेहमी पुरुषच पुढे दिसतो.


मुद्राविलासी

सहजवाचक, लिखित नियम नाही, पण सत्ता ज्याच्या नावाने चालते तो पुढे, असा संकेत दिसतो. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक राज्यांत तो पुरुष होता. विल्यम आणि मेरी यांच्या १६८९ ते १६९४ मधील इंग्लिश नाण्यांत हा संकेत अडचणीत येतो, कारण दोघे संयुक्त राजे होते आणि वारसाहक्क मेरीचा अधिक जवळचा होता. तरीही पुढे विल्यमच आहे. कारभार त्याच्या हाती होता, हे नाणे लपवत नाही. एलिझाबेथ आणि फिलिप यांच्या सुवर्णविवाहाचे १९९७ मधील पाच पौंडांचे नाणे आले तेव्हा फिलिप नेथनच्या जोडमुखांत राणी पुढे आणि पती मागे आहे. २००७ च्या हीरकमहोत्सवी नाण्यावरही इयन रँक-ब्रॉडली याने तोच क्रम ठेवला. जुन्या साच्यात स्त्री आणि पुरुष यांची अदलाबदल झाली, पण साचा हलला नाही, म्हणून मी त्याला घराण्याचे चिन्ह म्हणतो.

इतिहासवाचक, १९७२ च्या इरॉसला मी अपवाद म्हणून झटकून टाकणार नाही. त्या नाण्याचा कलाकार नाण्यापेक्षा पदक घडवत होता असे मला वाटते. त्यावर मूल्यदेखील कोरलेले नाही. जोडमुखे टाळून आद्याक्षरे घेतल्यामुळे पुढे-मागे हा प्रश्नच मिटला. शिवाय विसाव्या शतकात ब्रिटिश राजघराणे स्वतःला एक कुटुंब म्हणून लोकांसमोर ठेवू लागले होते, आणि अशा कुटुंबाला इरॉस परवडतो. फ्रान्झ जोसेफला तो परवडला नसता. मात्र मुकुट इरॉसच्या वर आहे, हे विसरू नये.

तुमचा रोमन आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. ऑस्टियाचा ठराव माझ्या मांडणीच्या विरोधात जातो की बाजूने, याचा मी अजून विचार करतो आहे. विवाहाची चिन्हे राजकारणापासून मोकळी होती असे मला म्हणायचे नाही. राजकारण दोन्हीकडे आहे; विवाहाच्या पदकात ते इच्छेच्या रूपात येते आणि वर्धापनाच्या पदकात पुराव्याच्या रूपात. पानफूल यांचा मर्टल या दोन्हींच्या मध्ये उभा आहे आणि त्याला माझ्याकडे सोयीचे घर नाही.


इतिहासवाचक

ऑस्टियाचा धागा पुढे नेतो, कारण त्याला आधुनिक काळात एक जवळचे भावंड आहे. जर्मन सम्राट विल्हेल्म पहिला आणि ऑगुस्टा यांचा सुवर्णविवाह ११ जून १८७९ रोजी साजरा झाला. आदल्या वर्षी मे आणि जून महिन्यांत सम्राटावर दोनदा गोळीबार झाला होता आणि दुसऱ्या वेळी तो गंभीर जखमी झाला होता. अशा वेळी ‘पन्नास वर्षे’ हा आकडा लग्नापेक्षा जिवंत राहण्याचा होता. प्रशियात सुवर्णविवाह साजरा करणाऱ्या सामान्य जोडप्यांना सम्राटाकडून विवाहवर्धापनाचे पदक देण्याची पद्धत याच काळापासून सुरू झाली. आशेत आनंदी राहा, दुःखात धीर धरा, प्रार्थनेत खंड पडू देऊ नका, अशा अर्थाचे बायबलमधील रोमकरांस पत्राचे वचन त्या पदकावर होते. राजदांपत्याचा नमुना प्रजेच्या घरात पोहोचवण्याचे काम येथेही धातूनेच केले, आणि त्या वचनात राजाचे किंवा राज्याचे नाव नाही.

पण ज्यांचा नमुना दिला जात होता, त्यांचे काय? तरुणपणी विल्हेल्मला एलिझा राजिविल हिच्याशी लग्न करायचे होते. ती बरोबरीच्या राजकुळातील नाही म्हणून ते होऊ दिले गेले नाही आणि नंतर ऑगुस्टाशी विवाह ठरला. फ्रान्झ जोसेफ आणि एलिझाबेथ यांच्या बाबतीत तर सम्राज्ञी दीर्घ काळ दरबारापासून दूर, प्रवासात असे. जोडमुखांत तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्याला कायमचा चिकटलेला आहे. भिंगवाला म्हणतात तसे ते धातूच्या गणिताने झाले असेल. पाहणाऱ्याला मात्र ते गणित दिसत नाही.


रौप्यरेखा

चेहरेच नसतील तर काय होते, याचे उत्तर जपानमध्ये मिळते. सम्राट मेजी आणि सम्राज्ञी यांच्या विवाहाचा रौप्यमहोत्सव ९ मार्च १८९४ रोजी झाला. तेव्हा सोन्याचे आणि चांदीचे स्मृतिपदक दिले गेले आणि जपानची पहिली स्मृतितिकिटेही निघाली, दोन सेनचे तांबडे आणि पाच सेनचे निळे. तिकिटांवर राजघराण्याचे शेवंतीचे चिन्ह आहे आणि सारस पक्षी आहेत. सारस तेथे दीर्घायुष्याचे चिन्ह, आणि जोडी न सोडणारा पक्षी म्हणून दांपत्याचेही. सम्राटाचा चेहरा नाण्यावर किंवा तिकिटावर छापण्याची तेथे रीत नव्हती. तिकिटावर टपाल खात्याचा शिक्का पडतो हे लक्षात घेतले तर त्यामागची भावना समजते. पंचविसावा विवाहदिन असा साजरा करण्याची कल्पना युरोपीय दरबारांकडून आलेली होती, पण चिन्हे सगळी घरची वापरली. पुढे-मागे कोण, हा प्रश्न तेथे उद्भवलाच नाही. मुद्राविलासी, तुमच्या मांडणीला हा चांगला आधार आहे, कारण शेवंती हे घराणेच आहे. पण सारसांची जोडी मात्र पानफूल यांच्या बाजूची आहे.


पानफूल

सारस मी आनंदाने घेते.

आता धातूबद्दल कोणी बोलले नाही म्हणून विचारते. पंचविसाव्याला चांदी, पन्नासाव्याला सोने, हे ठीक. त्यात धातू स्वतःच चिन्ह होतो. साठाव्या वर्षी काय करायचे? हिरा ठशातून पाडता येत नाही.


भिंगवाला

धातूचे चिन्हही पूर्वीपासून सांभाळले गेलेच असे नाही. स्वीडनचा राजा ऑस्कर दुसरा आणि राणी सोफिया यांच्या १९०७ मधील सुवर्णविवाहाचे दोन क्रोनरचे नाणे चांदीचे आहे. डेन्मार्कचा ख्रिश्चन नववा आणि लुईसे यांच्या १८९२ च्या सुवर्णविवाहाचे दोन क्रोनरही चांदीचेच. सोन्याची प्रत लागलीच तर ती मोजक्या हातांत जाते. लोकांच्या हाती चांदी पडते. ऑस्करच्या नाण्याबद्दल जाता जाता एवढे नोंदवतो की नॉर्वेबरोबरचे संयुक्त राज्य १९०५ मध्ये तुटले होते, त्यामुळे पन्नास वर्षांच्या विवाहाचे हे नाणे अर्ध्या राहिलेल्या राज्याचे आहे, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात राजा वारला.

साठाव्या वर्षासाठी हिरा ही सांगडही तुलनेने अलीकडची आहे. हिऱ्याचा मान पूर्वी पंचाहत्तराव्या वर्षाला होता. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाची साठ वर्षे हिऱ्याच्या नावाने साजरी झाली आणि इंग्रजी जगात साठाला हिरा घट्ट चिकटला.


मुद्राविलासी

पानफूल, २००७ मध्ये एमा नोबल हिने या अडचणीतून काढलेली वाट मला फार चतुर वाटते. एलिझाबेथ आणि फिलिप यांच्या हीरकविवाहाच्या पाच पौंडांच्या नाण्यावर हिरा नाही. त्यावर वेस्टमिन्स्टर ॲबीची गोल, पाकळ्यापाकळ्यांची खिडकी आहे, म्हणजे १९४७ मध्ये विवाह झाला त्याच वास्तूची. नाण्याचा गोलाकार आणि खिडकीचा गोलाकार एक होतात, आणि मध्यातून कडेकडे जाणाऱ्या रेषांमुळे पैलू पाडलेल्या रत्नाचा भास होतो. त्याआधीच्या १९९७ च्या नाण्यावर लेस्ली डर्बिन याने दोघांच्या ढाली शेजारी शेजारी तिरक्या ठेवल्या, वर मुकुट दिला आणि खाली नांगर, कारण फिलिप नौदलातील अधिकारी होता. नांगर हे ख्रिस्ती परंपरेत आशेचेही चिन्ह असल्यामुळे एकाच आकृतीत व्यक्ती आणि सद्गुण दोन्ही बसले. या साऱ्या मालिकेत पतीचे स्वतःचे असे चिन्ह मला तेवढेच एक दिसते.

खिडकीभोवतीचा लेख मात्र माझ्या मूळ मुद्द्याकडे नेतो. ‘तुएआतुर उनिता देउस’, अर्थात जे एकत्र आले आहे त्याचे देवाने रक्षण करावे. लग्नाला हे वाक्य इतके शोभते की ते मुद्दाम त्यासाठीच रचले असावे असे वाटते. प्रत्यक्षात ते पहिल्या जेम्सच्या ‘थिसल क्राउन’ या लहान सोन्याच्या नाण्यावरचे आहे. १६०४ पासून पाडलेल्या त्या नाण्याच्या एका बाजूला इंग्लंडचा गुलाब आणि दुसऱ्या बाजूला स्कॉटलंडचे काटेरी फूल आहे, आणि देवाने रक्षण करावे अशी प्रार्थना आहे ती एका राजाखाली आलेल्या दोन राज्यांसाठी. चारशे वर्षांनी तेच शब्द, एक अक्षरही न बदलता, एका वृद्ध दांपत्यासाठी वापरले गेले.